आवाज क्रमांक दोन

रोशेल मॅकॅडूनं आयुष्यात एकच इशारा झटकून टाकला, आणि तो नेमका टेपरेकॉर्डरबद्दलचा होता.

एरवी इशारे पाळण्यात तिचा हात धरणारं ऑरेंज माउंडमध्येच काय, अख्ख्या मेम्फिस शहरात कुणी नव्हतं. बाळाच्या टबावर बारीक अक्षरांत जे छापलेलं असतं आणि जे छापणाऱ्यानंही वाचलेलं नसतं, ते ती तीनदा वाचायची. पाळण्याच्या गजांमधलं अंतर पट्टी लावून मोजायची. घरातल्या प्रत्येक प्लगला प्लास्टिकची बुचं बसवलेली होती. डेमंडला, म्हणजे नवऱ्याला, दाढीचं यंत्र लावायचं तर आधी बायकोची परवानगी आणि मग स्क्रूड्रायव्हर लागायचा. कॉलेजात तिचा विषय बालमानसशास्त्र. त्या पदवीनं मूल वाढवायला मदत होते की नाही हे अजून सिद्ध व्हायचंय, पण काळजी करायला नवनवे विषय मात्र मिळतात.

अशा बाईला मिस्टर क्लीओफसनं स्पष्ट शब्दांत सांगितलं होतं. पार्क अॅव्हेन्यूवर त्याचं गाड्यांचे स्पीकर बसवायचं दुकान. एके काळी वस्तीतल्या पोरांनी घरी भरलेल्या रॅपच्या टेपा त्याच्याच काउंटरवरून विकल्या जात. रोशेलचा स्वयंपाकघरातला टेपरेकॉर्डर त्यानं उलटा करून कानाशी धरला आणि मान हलवली.

"पोरी, ह्याचा पट्टा सैल झालाय. हा टेप वाजवत नाही, चाखतो. एक दिवस गिळेल. जी टेप गेल्यावर तू रडशील ती ह्यात घालू नकोस. निदान नक्कल तरी काढून घे. आज ठेवून जा, मंगळवारी ये."

"पुढच्या आठवड्यात आणते," रोशेल म्हणाली. कारण टेपरेकॉर्डर मंगळवारपर्यंत दुकानात राहिला असता, तर मंगळवारपर्यंत ज्युबिली झोपली नसती.

ज्युबिली म्हणजे तिची नऊ महिन्यांची मुलगी. ह्या मुलीचं दुपारच्या झोपेशी वैर होतं. डेमंड पार्सलच्या गोदामात रात्रपाळी करायचा, सकाळी येऊन पडदे ओढून आडवा व्हायचा. नेमक्या बारा वाजता ज्युबिली भोंगा सुरू करायची. रोशेलनं पुस्तकांत सांगितलेलं सगळं करून पाहिलं. समुद्राची गाज ऐकवली, पियानो ऐकवला, चर्चमधली भजनं म्हटली. भजनांना तर ज्युबिली चिडायची. शेवटी एका दुपारी, रडण्याचा दुसरा तास चालू असताना, रोशेलनं कपाटातून लमॉंटची टेप काढली आणि लावली. तिसऱ्या ओळीला मुलगी गप्प झाली. दुसरा खून होईपर्यंत गाढ झोपली.

लमॉंट हा रोशेलचा थोरला भाऊ. बाप चर्चचा डीकन, म्हणजे पुढच्या बाकावरचा मानकरी, म्हणून पोरानं नाव घेतलं डीकन डर्ट. एकोणीसशे पंच्याण्णव साली त्यानं कुणाच्या तरी मागच्या खोलीत एक टेप भरली. तीत त्यानं एकंदर अकरा माणसं मारली होती, दोन दुकानं लुटली होती आणि पोलिसांच्या आयांबद्दल अशी काही मतं मांडली होती की ती इथे देता येत नाहीत. प्रत्यक्षात लमॉंटला दमा होता. खिशात पंप घेतल्याशिवाय तो कोपऱ्यावरच्या वाण्याकडेही जात नसे. तेविसाव्या वर्षी तो गेला, तो त्या दम्यानंच. टेपेवरच्या अकरांपैकी एकालाही त्याचा सूड घ्यायची संधी मिळाली नाही.

मागे राहिली ती एक कॅसेट. ती बारा वर्षं रोशेलच्या आईनं, मिस व्हर्लीननं, रुमालांच्या खणात ठेवली होती. ज्युबिली जन्मली तेव्हा तिनं ती रुमालासकट रोशेलच्या हातात दिली. "मला ती वस्तू ऐकायची नाही. टाकवतही नाही. तू ठेव." घरच्यांना ठाऊक होतं तिथवर लमॉंटचा आवाज जगात तेवढ्याच एका ठिकाणी होता, आणि तो आईनं विश्वासानं तिच्याकडे दिला होता, एवढं लक्षात ठेवा. रोशेल ते एक क्षणही विसरत नव्हती. म्हणजे, मशीननं टेप गिळल्यानंतर विसरत नव्हती.

एप्रिलमधला गुरुवार होता. आधी लमॉंटचा आवाज मंद झाला, जणू त्याला झोप येतेय. मग त्यानं गायीसारखं हंबरून एकाला गोळी घातली, आणि मग आतून चर्रर्र असा आवाज आला. रोशेलनं झाकण उघडलं तेव्हा बारीक तपकिरी शेवया बाहेर आल्या. तिनं त्या ताटलीत घेतल्या. सुलटवल्या. पेन्सिलीनं गुंडाळल्या. मग हलक्या गरम इस्त्रीनं इस्त्री केल्या. ही शेवटची युक्ती कुणाची होती हे ती आजवर सांगत नाही, पण पदवी असलेल्या माणसाचीच होती.

मिस्टर क्लीओफसनं शेवया भिंगाखाली पाहिल्या. "इस्त्री केलीस?"

"थोडीशी."

त्यानं भिंग खाली ठेवलं, टोपी काढली आणि काही वेळ हातात धरून ठेवली.

आईला काय सांगायचं हा प्रश्न होताच. पण आईचा प्रश्न एखाद्या रविवारी येणार होता आणि ज्युबिलीचा रोज बारा वाजता. म्हणून रोशेलनं ठरवलं, की लमॉंटसारखा दुसरा कुणी शोधायचा. इतकी माणसं ह्या शहरात टेपा भरून गेली, त्यात एकाचा तरी आवाज त्याच्या आवाजावर गेलेला असेल. मुलीला झोप लागेल, आणि खरं सांगायचं तर आपल्यालाही स्वयंपाकघरात भांडी घासताना पाठमोरं राहून भाऊ घरात आहे असं वाटून घेता येईल. दुसरं कारण तिनं कुणाला सांगितलं नाही.

मिस्टर क्लीओफसच्या दुकानात तिनं सवाल टाकला. तिथे सकाळी दोन निवृत्त गृहस्थ बसलेले असत. एकाच्या गुडघ्याला पट्टा, दुसऱ्याच्या मांडीवर इन्सुलिनची पेटी. दोघंही साठीच्या पुढचे, पण वस्तीतली एकूण एक टेप त्यांनी कोळून प्यायलेली.

"लमॉंटसारखा? म्हणजे उत्तर मेम्फिसचा बाज," गुडघा म्हणाला. "अक्षरं तोडतात, गिळत नाहीत."

"कसली उत्तर घेऊन बसलास?" इन्सुलिननं पेटी आपटली. "तो आवाज दक्षिणेचा. छातीतून यायचा."

"छातीतून नाही, दम्यातून यायचा! मेलेल्या पोराला दक्षिणेचा ठरवतोस, लाज नाही वाटत?"

"तुझं कधी उत्तरेत घर तरी होतं का रे? तुझ्या बायकोच्या पहिल्या नवऱ्याचं होतं!"

शास्त्रीय गाण्याच्या घराण्यांवरून चांगल्या चांगल्यांनी एकमेकांशी अबोला धरल्याचं आपण ऐकतो. इथे प्रकरण अबोल्यावर थांबलं नाही. मिस्टर क्लीओफसला काउंटरवरून उडी मारून मध्ये पडावं लागलं, आणि त्याचं वय बघता उडी हा शब्द मी मोठ्या मनानं वापरला आहे. रोशेल तिथून एकही नाव न घेता बाहेर पडली. दोघं मात्र पुढे महिनाभर वेगवेगळ्या वेळी दुकानात येत होते, आणि त्याचा दोष दोघांनीही तिच्यावर ठेवला.

मग तिनं कॉम्प्युटर उघडला. गाण्यांच्या त्या पानावर प्रत्येक गायकाच्या नावाखाली 'यांच्यासारखे आणखी कलावंत' अशी यादी असायची. लमॉंटचं नाव अर्थातच कुठे नव्हतं, पण त्याच्या काळातला, शेजारच्या वस्तीतला एक होता. त्याच्यासारखे सहा. त्या सहांसारखे प्रत्येकी सहा. रोशेलनं रीतसर वही घातली. नाव, गाव, आवाजाचा पोत, आणि शेवटच्या रकान्यात ज्युबिली किती मिनिटांत झोपली.

त्या रकान्यात शून्याशिवाय काही पडेना. एका कर्कश इसमाला ती हसली. दुसऱ्याला तिनं भात फेकून मारला. तिसऱ्याच्या गाण्यात मागे कुत्रा भुंकत होता, त्याला तिनं उत्तर दिलं. एक ह्यूस्टनचा सद्गृहस्थ इतका संथ होता की रोशेलच झोपली आणि ज्युबिलीनं बुच निघालेला एकमेव प्लग शोधून काढला.

त्याहून वाईट म्हणजे रोशेलला प्रत्येकाची माहिती वाचायची खोड होती. वहीत तिनं नकळत आणखी एक रकाना पाडला: सध्या कुठे. महिन्याभरात सव्वीस नावं झाली. नऊ वारले होते. सहा आत होते. चौघे पाद्री झाले होते आणि आपल्या जुन्या टेपा विकत घेऊन जाळत होते. एक जण अर्कान्सामध्ये पोहायचे तलाव बांधून द्यायचा. त्याला तिनं उगाचच फोन केला, आणि तोही बिचारा कुणीतरी आठवण काढली म्हणून पाऊण तास बोलला. शेवटी फिरून फिरून यादी पहिल्याच नावावर आली. ह्याच्यासारखा तो, त्याच्यासारखा तो, आणि त्याच्यासारखा पुन्हा हा. जित्या-मेलेल्या माणसांनी एकमेकांचे हात धरून रिंगण केलं होतं, आणि त्यात लमॉंटला जागा नव्हती.

"पोर झोपत नाही, कारण तू तिच्याकडे टक लावून बसतेस," शेजारच्या मिस ओझेला म्हणाल्या. ह्या बाई चर्चमध्ये पांढरे हातमोजे घालून लोकांना जागेवर बसवायचं काम करत, आणि चर्चबाहेरही ते काम सोडत नसत. "शिवाय त्या डबड्यातून काय ऐकू येणार तिला? ही गाणी गाडीतली. छातीला ठोका बसला पाहिजे."

म्हणून एका दुपारी मिस्टर क्लीओफसनं आपली जुनी शेव्हरोले रोशेलच्या दारात लावली. डिकीत त्यानं वीस वर्षांत जमेल तेवढे स्पीकर भरले होते. कळ दाबली. पहिल्या ठोक्याला मिस ओझेलांच्या अंगणातली पाखरं उडाली. दुसऱ्याला रोशेलच्या लग्नातली भिंतीवरची बशी खाली आली. तिसऱ्याला डेमंड अर्ध्या चड्डीवर धावत आला आणि शाळेत शिकवल्याप्रमाणे दाराच्या चौकटीत उभा राहून, डोकं हातांनी झाकून ओरडू लागला, "आला! आला! बाळाला उचल!" भूकंप येणार येणार असं मेम्फिसमध्ये लहानपणापासून प्रत्येकाला सांगितलेलं असतं. बिचाऱ्यानं आपल्या चाळिशीच्या आत तो येईल असं धरलंच होतं.

ज्युबिलीला हा प्रकार फार आवडला. ती टाळ्या वाजवत होती.

डेमंड दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी बोलला तेव्हा म्हणाला, "रोशेल, मी तुला एकच विचारतो. ह्या घरात झोपायचं कुणाला आहे?"

रोशेल न्हाणीघरात जाऊन, नळ सोडून रडली. ज्युबिलीच्या झोपेसाठी नव्हे. त्या दिवशी सकाळी लमॉंटचा आवाज आठवायचा प्रयत्न केला तेव्हा तिला त्या ह्यूस्टनवाल्याचा आठवला होता. सव्वीस जणांना ऐकून ऐकून सव्वीस जण भावाच्या आवाजावर बसले होते, आणि तो खाली कुठेतरी दबला होता.

पुढचा रस्ताही मिस ओझेलांनीच दाखवला. "तुझ्या भावाच्या टेपची एक नक्कल सरकारजमा आहे ना! वस्तीतला एक पोरगा नाही का पकडला गेला चोरीच्या गाडीत? गाडीत टेप सापडली. सरकारी वकील म्हणाला, गाण्यात ह्याच गाडीचं वर्णन आहे, हा कबुलीजबाबच. भर कोर्टात वाजवली. ज्यूरीतल्या एकाचा पाय ताल धरत होता, मी स्वतः पाहिलं. सोडलं मग पोराला."

काउंटीच्या जप्त वस्तूंच्या कचेरीत रोशेल ज्युबिलीला कडेवर घेऊन गेली. खिडकीमागे एक लांब नखांची बाई होती. नखं इतकी लांब की ती पेन्सिलीच्या उलट्या टोकानं कळा दाबायची.

"वस्तू काय? हत्यार, अंमली पदार्थ की शारीरिक द्रव?"

"गाण्याची कॅसेट."

"तसा रकाना नाही. हत्यार लिहू?"

"अहो, गाणी आहेत हो ती."

"कोर्टात पुरावा म्हणून आली ना? मग हत्यार." तिनं टकटक केलं. "मालक कोण?"

"माझा भाऊ गायलाय त्यात."

"गाणारा नाही विचारलं, मालक. ज्याच्याकडून जप्त झाली तो. त्याची सही आणा."

तो पोरगा आता चौतिशीचा होता आणि एका चादरींच्या दुकानात साहाय्यक व्यवस्थापक होता. त्यानं रोशेलला उशांच्या मागे नेलं आणि गयावया केली, "ताई, माझ्या साहेबांना वाटतं मी सुरुवातीपासून चादरींतच आहे." सही मिळवायला तिला दुहेरी पलंगाच्या चादरींचा एक सेट घ्यावा लागला. सही आणली तर शिक्का हवा होता. शिक्का आणला तर नखांची बाई सुटीवर होती, आणि तिच्या जागी बसलेल्या गृहस्थाला हत्यारांचे अर्ज घ्यायची परवानगी नव्हती.

जूनमध्ये पाकीट आलं. रोशेलनं ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं, हात धुतले, पुसले आणि उघडलं. आत कॅसेट नव्हती. दहा वर्षं उलटल्यावर कॅसेट नियमाप्रमाणे नष्ट केली होती, असं कळवणारी चिठ्ठी होती. सोबत कोर्टाच्या टंकलेखिकेनं उतरवून घेतलेली चौदा पानं होती.

त्या अनोळखी बाईनं आपलं काम अतिशय चोख केलं होतं. एकही शिवी गाळली नव्हती, आणि प्रत्येक शिवीनंतर विरामचिन्ह अचूक दिलं होतं. पानं अशी होती:

आवाज क्र. १ : पाच जण उभे कोपऱ्यावरती, चार जागीच पडले.
आवाज क्र. २ : हं.
आवाज क्र. १ : पाचव्यानं माझं नाव घेतलं, त्याचेही दात
(आवाज क्र. १ श्वास घेतो.)
आवाज क्र. २ : झडले. हं.

रोशेलला आधी हसू आलं. मग ती कंसातल्या त्या ओळीवर थांबली. तिनं पान उलटलं. तिथेही तेच. चौदा पानांत लमॉंटनं बावन्न वेळा श्वास घेतला होता, आणि बावन्न वेळा कुणीतरी त्याची ओळ पुरी केली होती. तिनं ती टेप इतक्यांदा ऐकली होती, पण हे तिला कधी ऐकूच आलं नव्हतं. ऐकू येऊ नये, हेच तर त्या दुसऱ्याचं काम होतं.

बारा वाजले होते. ज्युबिलीनं ठरल्या वेळी भोंगा काढला. रोशेल तिच्याशेजारी बसली आणि पहिल्या आवाजाच्या ओळी वाचू लागली. भोंगा चालूच. मग, का ते तिलाही सांगता येणार नाही, तिनं फक्त दुसऱ्याच्या ओळी वाचल्या. "हं." थोडं थांबून, "हं."

ज्युबिली गप्प झाली. तिनं आईकडे पाहिलं, इकडेतिकडे पाहिलं, जणू कुणीतरी दुसरं येणार होतं. कुणी आलं नाही, तसं ती पुन्हा रडू लागली. पण रोशेलला कळायचं ते कळलं होतं. मुलगी तीन महिने डीकन डर्टच्या आवाजावर झोपतच नव्हती. ती त्याच्या मागच्या माणसाच्या भरवशावर झोपत होती. आणि आपण सव्वीस जण शोधले ते सगळे पुढे उभे राहणारे. मागच्यांची यादी कुठल्याच पानावर नसते.

कोर्टाच्या कागदावर 'आवाज क्र. २ : अज्ञात' असं होतं. मिस ओझेलांनी चष्मा न लावताच सांगितलं.

"अज्ञात कसला? प्रेन्टिस टॉलिव्हर. कार्न्स अॅव्हेन्यूला, गाड्या धुतात त्याच्या मागच्या घरात राहतो. आठवड्यातून तीनदा डायलिसिसची गाडी न्यायला येते." मग आवाज उतरवून म्हणाल्या, "तुला आठवत नाही का गं? अंत्यविधीला आला होता तो."

रोशेलला आठवत होतं. ती तेव्हा सोळा वर्षांची होती. दारात एक उंच पोरगा झाकलेलं भांडं घेऊन उभा होता, आणि आई त्याला म्हणत होती, "तूच त्याच्या मागे उभा राहून हं हं करत होतास. तू हं म्हटलं नसतंस तर तो थांबला असता. छाती फुटेस्तोवर गायला नसता." पोरगा भांडं पायरीवर ठेवून गेला होता. रोशेल आईच्या पाठीमागे उभी होती आणि तिनं त्याला हाक मारली नव्हती.

मंगळवारी ती गेली. ज्युबिलीची बाबागाडी, चौदा पानं आणि केळ्याच्या पुडिंगचा डबा. वाटेत तिला आठवलं की डायलिसिसवाल्यांना केळं चालत नाही. तिनं तो डबा गाड्या धुणाऱ्यांना देऊन टाकला आणि रिकाम्या हातानं दार वाजवलं. दार उघडलं नाही. पुन्हा वाजवलं. आत कुणीतरी होतं, कारण टीव्ही बंद झाला.

तिला काय सुचलं कोण जाणे. तिनं बंद दाराकडे तोंड करून, कॉलेजात निबंध वाचावा तशा स्वच्छ उच्चारांत, वाचलं: "पाच जण उभे कोपऱ्यावरती, चार जागीच पडले. पाचव्यानं माझं नाव घेतलं, त्याचेही दात..."

गाडी धुणाऱ्यांनी पाण्याचे पाइप बंद केले होते आणि सगळे तिच्याकडे बघत होते.

"झडले," आतून आवाज आला. मग दार उघडलं.

प्रेन्टिसनं अजून चाळिशीही गाठली नव्हती, पण साठीचा दिसत होता. त्यानं पानं चाळली, कंस पाहिले. "बाई हुशार होती," म्हणाला. टंकलेखिकेबद्दल.

"तुम्ही नुसतं हं म्हणाल का? मुलीसाठी?"

"नुसतं?" तो बुचकळ्यात पडला. "ओळ कुठाय? ओळ असल्याशिवाय हं कशाला म्हणायचं?"

म्हणजे ओळी रोशेललाच म्हणाव्या लागणार होत्या.

त्यानंतर दर मंगळवारी आणि गुरुवारी, डायलिसिस नसायचं त्या दिवशी, बारा वाजता, ऑरेंज माउंडमधल्या एका सभ्य घराच्या ओट्यावर, डीकनची पदवीधर मुलगी खुर्चीत ताठ बसून माणसं मारू लागली. तिचे उच्चार इतके शुद्ध होते की शिव्या पाठ्यपुस्तकातल्या वाटत. मागच्या खुर्चीत प्रेन्टिस डोळे मिटून हं म्हणायचा. सुरुवातीला ती प्रत्येक शिवीआधी अडखळायची, आणि ती अडखळली की तो ओळ पुरी करायचा. मिस ओझेला हातमोजे घालून कुंपणाशी उभ्या राहत. "अगं, जरा जोरात मार त्याला," म्हणत. "ऐकू येत नाही."

ज्युबिली चौथ्या ओळीला झोपायची. डेमंड आत घोरायचा. सगळं आटपलं तरी ती दोघं पान पुरं करत.

तिसऱ्या गुरुवारी मिस व्हर्लीन आली. तिचं घर दोन दारं सोडून होतं. इतके दिवस आली नाही हेच नवल होतं. ती पायरीशी उभी राहिली. रोशेलचा खून अर्धवट राहिला. प्रेन्टिस उठून उभा राहिला आणि हातांचं काय करावं ते त्याला कळेना.

"टेप कुठाय?" आईनं विचारलं.

"गेली, आई."

"मला ठाऊक आहे. एप्रिलपासून ह्या घरातून त्याच्या तोंडचा एक घाणेरडा शब्द ऐकू आला नव्हता." म्हणजे दोन घरं पलीकडे, खिडकी उघडी टाकून, ती वस्तू ती रोज ऐकत होती. आई वळली आणि गेली.

वीस मिनिटांनी परत आली ती झाकलेली ताटली घेऊन. ती तिनं प्रेन्टिसच्या मांडीवर ठेवली. "मीठ घातलेलं नाही," म्हणाली. "टोमॅटो नाही, बटाटा दोनदा उकळून पाणी टाकलंय." हे पथ्य वीस मिनिटांत शिकता येत नाही. मग तिनं तिसरी खुर्ची ओढली. "बसलात काय? पुढे वाच. माझं पोरगं कुठवर आलं होतं?"

गोष्ट इथे संपली असती तर रोशेल तुम्हाला ती आनंदानं सांगती. पण गोदामवाल्यांनी डेमंडची बदली सहा तासांच्या वाटेवरच्या लुइव्हिलला केली. आईचा खुबा मोडलेला, तिलाही बरोबर आणावं लागलं. मिस ओझेला मुलाकडे अटलांटाला गेल्या आणि तिथल्या चर्चमध्ये लोकांना जागेवर बसवू लागल्या. मिस्टर क्लीओफसच्या दुकानाला कुलूप लागलं.

मंगळवारी आणि गुरुवारी बारा वाजता रोशेल फोन करायची. प्रेन्टिस उचलायचा आणि म्हणायचा, "हं." नमस्कार नाही, कोण बोलतंय नाही. ती एक पान म्हणायची, तो मागे असायचा. ज्युबिली आता दुपारी झोपत नाही, शाळेत जाते. तरी फोन चालूच होता.

गेले तीन आठवडे तो उचलत नाही. रोशेलनं तिथल्या पोलिसांना फोन केला, दार वाजवून या म्हणून. पलीकडच्या माणसानं विचारलं, "तुमचं नातं काय?" तिनं खूप विचार केला. त्याच्या अर्जात तसा रकाना नव्हता. डायलिसिसच्या केंद्रानंही नातंच विचारलं. आईनं विचारणं सोडून दिलंय. बारा वाजले की ती नुसती फोनशेजारी येऊन बसते.

तर तुमच्यापैकी कुणी त्या बाजूला असाल, किंवा तुमचं कुणी असेल, तर रोशेलचं एवढं काम करा. कार्न्स अॅव्हेन्यू, गाड्या धुतात त्याच्या मागचं घर, दारावर हिरवं कापडी छत आहे. नुसतं दार वाजवून परत फिरू नका, तो उघडत नाही. दाराशी उभं राहून म्हणा: पाच जण उभे कोपऱ्यावरती, चार जागीच पडले, पाचव्यानं माझं नाव घेतलं, त्याचेही दात. शेवटचा शब्द म्हणू नका. लोक बघतील, बघू देत. आणि मग जरा थांबा, त्याला उठून यायला वेळ लागतो.